उड्या माराव्यात, पण एकेकीनं!

आखाजी म्हणजे आम्हा खानदेशातल्या लेकींचा हक्काचा सण. वैशाखातली अक्षय्य तृतीया म्हटली की इतर ठिकाणी गुंजभर सोनं आणि आमरसाचं जेवण. आमच्याकडे तेही असतंच, पण त्याशिवाय गौराई असते, पाण्यानं भरलेली घागर असते आणि मुख्य म्हणजे झोका असतो. सासुरवाशिणी माहेरी यायच्या, कडुनिंबाच्या जाड फांदीला दोर बांधला जायचा आणि गाणी म्हणत उंच उंच झोके चालायचे. पुरुष मंडळी ओट्यावर पत्त्यांत दंग, त्यामुळे कोणी बघायलाही नसायचं. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही ही आखाजी आली आहे. वर्षभर खाली मान घालून वावरणारी बाई त्या दिवशी चक्क हवेत असायची, बरं का!

आता निंब गेले. रस्तारुंदीत काही गेले, वाडे पाडून इमारती झाल्या त्यात काही गेले, आणि जे उरलेत त्यांच्या सावलीत गाड्या उभ्या असतात. लेकी अजून येतात, पण दुपारभर पंख्याखाली पडून मोबाइल बघतात. त्यांची मुलंही तेच करतात. करतील काय? मे महिन्यात आमच्या जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो.

आमचं महिला मंडळ दर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर घेतं. २०२३ साली भिशीतल्या शिल्लक पैशांचं काय करायचं, यावर मंडळात चर्चा झाली आणि शेवटी आमच्या घरामागच्या मोकळ्या आवारात दहा फुटी ट्रॅम्पोलीन आली. गोल लोखंडी चौकट, मधे ताणलेलं काळं कापड आणि भोवती जाळी. मुलांच्या तोंडी ती ‘टमप्लीन’ आहे, आणि शेजारच्या आजींच्या तोंडी ‘ती उड्यांची खाट’. एका भगिनीनं तेव्हा विचारलं होतं, “एवढ्या पैशांत दोन शिलाई मशिनी आल्या असत्या की हो!” आल्या असत्या. पण बायकांसाठी काही घ्यायचं म्हटलं की प्रत्येक वेळी त्यातून काम आणि कमाईच निघाली पाहिजे, हे मला पटत नाही. मंडळात तीन मशिनी आहेत, त्यातल्या दोन चालू आहेत. खेळायचं साधन मात्र एकही नव्हतं.

या वस्तूची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जॉर्ज निसेन नावाच्या मुलाला कसरतींचं वेड होतं. सर्कशीत झुल्यावरचे कसरतपटू शेवटी खालच्या जाळीवर पडतात आणि चेंडूसारखे वर उसळतात, हे त्यानं पाहिलं. हे उसळणं थांबूच नये अशी काही सोय करता येईल का, या विचारानं १९३० साली, सोळा वर्षांचा असताना, त्यानं आईवडिलांच्या गॅरेजमध्ये लोखंडी चौकटीवर कॅनव्हास ताणून पहिला प्रयोग केला. पुढे लॅरी ग्रिसवोल्ड या प्रशिक्षकाबरोबर त्यानं ती सुधारली आणि सूर मारण्याच्या फळीला स्पॅनिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरून ‘ट्रॅम्पोलीन’ असं नाव दिलं. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून हा पुरुष आणि महिला दोघांसाठी पदकाचा खेळ आहे. सर्कस म्हटलं की आपल्याला विष्णुपंत छत्रे आठवतात. १८८० साली भारतीय सर्कस उभी करणारा हा माणूस आपल्या महाराष्ट्राचा. म्हणजे ज्या जाळीतून ही कल्पना निघाली, ती जाळी काही आपल्याला परकी नाही.

आता उभारणीविषयी. खोक्यातून सामान बाहेर काढलं की धडकी भरते, पण नळीचे तुकडे एकमेकांत बसवणं सोपं आहे. खरी निवड जागेची. फरशी किंवा सिमेंटचा कोबा नको, माती हवी. चारी बाजूंनी पाच-सहा फूट मोकळं, भिंत नको, हौद नको, तुळशीवृंदावनही नको. डोक्यावर वीस-पंचवीस फूट आकाश मोकळं हवं. आपल्या मागच्या आवारात कपड्याची दोरी, केबलची तार आणि कधी कधी विजेची सर्व्हिस वायरसुद्धा लोंबत असते. ती हलवता येत नसेल तर ट्रॅम्पोलीनचा बेतच रद्द करावा, त्यात तडजोड नाही.

जमीन सपाट आहे असं डोळ्यांना वाटतं, पण ती तशी नसते. आम्ही गवंडीदादांना बोलावलं. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी पातळी घेतली, तर एका बाजूला चांगला तीन इंचांचा उतार निघाला. उतारावर उडी मारणारा माणूस प्रत्येक उडीला थोडा थोडा खालच्या बाजूला सरकत जातो, हे त्यांनीच समजावलं. उंच बाजूची माती खरवडून मगच पाय रोवले.

स्प्रिंगा लावणं हे सगळ्यांत कष्टाचं काम. आमच्या पुतण्यानं उत्साहानं एका टोकापासून ओळीनं लावायला सुरुवात केली आणि निम्म्यावर आल्यावर कापड दुसऱ्या बाजूला पोहोचेचना! मग सगळ्या काढल्या. पलंगावर चादर घालताना आपण आधी चारही कोपरे अडकवतो ना, तसंच हे. पहिली स्प्रिंग घड्याळातल्या बारावर, दुसरी समोर सहावर, मग तीन आणि नऊ, मग त्यांच्या मधल्या, अशी समोरासमोर जोडी धरून जायचं. शेवटच्या सात-आठ फार ताणाव्या लागतात, त्यासाठी खोक्यात एक आकडा दिलेला असतो. हातमोजे घालूनच करा, बोट सापडलं तर नख जातं. स्प्रिंगांवरची जाड गादी आणि भोवतीची जाळी लागल्याशिवाय एकाही मुलाला वर चढू द्यायचं नाही. मुलं रडतात, त्यांना रडू द्यावं.

आणि आता तो नियम, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. एका वेळी एकच! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली घरगुती ट्रॅम्पोलीनविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. मुळात घरी ती नकोच, असंच त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या निवेदनानुसार सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण एकदम उड्या मारत असताना होतात, आणि त्यात लागतं ते सगळ्यांत लहान मुलालाच. कारण सरळ आहे. मोठा दादा उतरतो तेव्हा कापड खाली जाऊन जोरात वर येतं. नेमका त्याच क्षणी छोटा खाली येत असेल, तर ते वर येणारं कापड त्याच्या पायांवर दगडासारखं आदळतं. नडगीचं हाड मोडायला एवढं पुरतं. मूल जाळीच्या बाहेर पडलेलं नसतं, कोणाला धडकलेलं नसतं, तरी हाड मोडतं.

हा इशारा वाचूनही आम्ही ट्रॅम्पोलीन ठेवली, पण नियम कडक केले. सहा वर्षांखालच्यांना मनाई. कोलांटउडी कोणीही मारायची नाही, कारण मान मोडली तर ती जन्माची. अनवाणी चढायचं. ओढणी, बांगड्या, पैंजण, गळ्यातलं आणि केसांतल्या पिना खाली स्टुलावर ठेवायच्या. खिशात पेन नको. एक मोठं माणूस समोर खुर्ची टाकून बसलेलं हवं, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. खेळ संपला की शिडी घरात, नाहीतर दुपारी आपण डुलकी घेत असताना चिल्लीपिल्ली वर चढलीच म्हणून समजा. जत्रेत आणि हायवेवरच्या ढाब्यावर तिकीट लावून आठ-आठ पोरं एकदम आत सोडतात. तिथे आयांनीच पुढे होऊन विचारायला हवं. “भाऊ, माझं लेकरू एकटं असेल तेव्हा सोडा, मी थांबते,” एवढं म्हणायला लाज कसली?

पहिल्या वर्षी एक गोष्ट लक्षात आली. मुलगे रांगेत धक्काबुक्की करून पुढे घुसायचे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलीही यायच्या. बारा-तेराच्या मुली मात्र भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. “तुझा नंबर गं,” म्हटलं की “नको काकू, तिला जाऊ द्या.” एकीला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, “आजी म्हणते, आता तू मोठी झालीस, धिंगाणा बंद.” मी त्या आजींकडे गेले. चहा झाला. आजी म्हणाल्या, “अहो ताई, पाळी सुरू झालेली पोर ती. अशा उड्या मारल्या तर पिशवी सरकते. पुढे मूल राहायला त्रास.” आजींचा हेतू वाईट नव्हता. त्यांना त्यांच्या आजीनं हेच सांगितलेलं. मी आमच्या गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना शिबिरात बोलावलं आणि आजींना पहिल्या रांगेत बसवलं. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं की उड्यांनी निरोगी मुलीची गर्भपिशवी सरकत नाही. पाळीच्या दिवसांतही खेळायला हरकत नाही, पोटात दुखत असेल तर तिनं बसावं, बरं वाटत असेल तर खेळावं. उलट वयात येण्याची वर्षं म्हणजे हाडं भरण्याची वर्षं. पळणं, दोरीवरच्या उड्या, लंगडी, असं ज्यात शरीराचं वजन हाडांवर पडतं ते सगळं या वयात मिळालं तर म्हातारपणी हाडं साथ देतात.

आणखी एक भीती असते, ती आया उघड बोलत नाहीत, कानात विचारतात. “उड्यांनी तसलं काही होणार नाही ना? पुढे लग्नात...” त्यांना मी सांगते की त्या नाजूक पडद्यावरून मुलीबद्दल काहीही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली कौमार्य चाचणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही असं सांगून ती बंद करण्याचं आवाहन केलं आहे. ज्या गोष्टीला शास्त्रात अर्थ नाही, तिच्यापायी पोरीचं खेळणं का बंद करायचं?

आम्ही साडेपाच ते साडेसहा हा संध्याकाळचा एक तास फक्त मुलींचा ठेवला. मुलगे कुरकुरले, मग गप्प बसले. त्या तासात एक मुलगी दहाएक उड्यांतच धापा टाकायला लागली, ओठ पांढरेफटक. दोन दिवस तसंच झाल्यावर तिच्या आईला रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आठ! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता. मुलगी दिवसभर बसून असली की हे दिसत नाही. “आळशी आहे हो,” म्हणून विषय संपतो. ती पळाली, उडाली की दिसतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हेही कळलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत तीच मुलगी अंगणात लंगडी खेळताना दिसली.

आता आपलं, म्हणजे बायकांचं. मुलं जेवायला गेली की आठ-साडेआठला आवारातला दिवा घालवून आम्हीही चढायला लागलो. एकेकीच, वजनाची मर्यादा माहितीपत्रकात बघून. आमच्या ट्रॅम्पोलीनची १०० किलो आहे. पहिल्या रात्री हसून हसून पुरेवाट झाली. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी नवऱ्याचं! आखाजीला आलेल्या एका माहेरवाशिणीनं तर उतरायलाच नकार दिला.

पण तिसऱ्या-चौथ्या उडीला एक मैत्रीण एकदम थांबली. घाईघाईनं उतरली आणि काही न बोलता घरी गेली. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटली तेव्हा हळूच म्हणाली, “वहिनी, मला नाही जमायचं ते. खोकलं तरी लघवी होते मला, धाकट्याच्या वेळेपासून.” तिचा धाकटा अकरावीत आहे. सोळा वर्षं ही बाई लग्नाकार्यात पाणी पीत नाही, एसटीचा लांबचा प्रवास टाळते, गडद रंगाच्याच साड्या नेसते! आणि हे तिनं कुणालाही, अगदी बहिणीलाही सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात मी मुद्दाम विषय काढला, तर आमच्या अकरा जणींतल्या पाच जणींनी मान डोलावली.

मैत्रिणींनो, याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून तोलून धरते. बाळंतपणात ती ताणली जाते, जड उचलण्यानं, जुनाट खोकल्यानं आणि बद्धकोष्ठानं आणखी सैल होते. हे फक्त लेकुरवाळ्यांचं दुखणं आहे असंही नाही. स्वीडनमध्ये ३५ निष्णात ट्रॅम्पोलीनपटू मुलींची पाहणी झाली होती, ती २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय होतं १५, म्हणजे बाळंतपणाचा प्रश्नच नाही, तरीही ८० टक्के मुलींना सरावाच्या वेळी लघवी होत असे. एवढा भार या स्नायूंवर उडीनं येतो.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम मांडला, तो आजही पहिला उपाय आहे. वात सुटू नये म्हणून आपण जसं आवळून धरतो, तसं आतून वर ओढायचं. पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद सोडायचं. श्वास चालू ठेवायचा. पोट, मांड्या आणि ढुंगण ढिलं ठेवायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. कणीक मळताना करा, टीव्हीसमोर करा, कोणाला कळतसुद्धा नाही. मात्र लघवी करत असताना मधेच रोखून हा व्यायाम करू नका. फरक दिसायला तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडायचा नाही. आणि खाली काही ओघळल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर उड्या अजिबात नकोत, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आमची ती मैत्रीण डॉक्टरांकडे जाऊन आली, चार महिने व्यायाम केला. अजून ती ट्रॅम्पोलीनवर उंच उडत नाही, पण परवा लेकाच्या कॉलेजसाठी एसटीनं थेट नाशिकपर्यंत जाऊन आली.

देखभालीकडे वळते, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पैसे मातीत. सगळ्यांत मोठा शत्रू ऊन. हे कापड आणि खताच्या विणलेल्या गोण्या एकाच जातीच्या प्लास्टिकच्या. उन्हात पडलेल्या गोणीला वर्षभरानं हात लावला की तिचा भुगा होतो, हे आपण पाहतोच. त्यामुळे खेळ सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, बाकी वेळ वरून जुन्या सतरंजीचं किंवा चादरींचं पांघरूण. दुपारी ते काळं कापड तव्यासारखं तापतं, पायाला फोड येतात. भोवतीची जाळी कापडाच्याही आधी कुजते. दर रविवारी मी तिच्यात बोट घालून ओढून बघते. धागा तुटला तर जाळी बदलायची, सुईदोऱ्यानं शिवायची नाही.

दुसरा शत्रू वारा. वैशाखात आमच्याकडे जे वादळ येतं ते उभ्या केळीच्या बागा झोपवतं, तिथे या हलक्या चौकटीचं काय? आभाळ भरलं की ती पतंगासारखी उचलली जाऊन शेजारच्या पत्र्यावर जाऊ शकते. प्रत्येक पायावर वाळूची गोणी ठेवली आहे, आणि तंबूला मारतात तशा लोखंडी खुंट्या ठोकून दोरानं चौकट बांधली आहे. वादळाचा अंदाज आला की जाळी सोडून ठेवायची, कारण वारा तिच्यातच भरतो.

आठवड्याला नट-बोल्ट पान्ह्यानं आवळून बघायचे. स्प्रिंग गंजलेली किंवा ताणून लांबलेली दिसली तर लगेच बदलायची. कापडाला स्प्रिंग अडकते त्या कड्यांची शिवण उसवू लागली असेल तर खेळ बंद. खालची जागा मोकळी ठेवायची. सायकल, बादली, कुत्र्याचं पिल्लू, काही नको.

मृगाच्या आधी आम्ही सगळी उतरवतो. लावताना जसं समोरासमोर, काढतानाही तसंच. स्प्रिंगा रॉकेलऐवजी मशीनच्या तेलाच्या फडक्यानं पुसून डब्यात भरायच्या, नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत. नळ्यांवर रंगानं आकडे घातले आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी कोडं सोडवत बसायला नको. कापड आणि गादी ओल्या फडक्यानं पुसून, दोन दिवस सावलीत वाळवून गुंडाळायची आणि आढ्याला टांगून ठेवायची. जमिनीवर ठेवली तर पावसाळ्यात उंदीर तिची वाट लावतात.